ओढ्यात सोडलेली अब्रू

कुसगावात कुणाची शेळी हरवली, कुणाचा सिलिंडर संपला, कुणाचा म्हातारा गेला, की ते आधी गावच्या ग्रुपवर पडतं. एकदा ग्रुपवर टाकलं म्हणजे सरकारदरबारी पोचलं, अशी इथल्या लोकांची पक्की समजूत. मी आठवीत शाळा सोडलेला, परभणीकडून पोटासाठी आलेला, एका बंगल्याचा केअरटेकर. मला तरी वेगळं काय ठाऊक असणार?

शेजारचा बंगला पर्यटकांना भाड्याने देणाऱ्या मालकाने संडासाच्या टाकीचा पाईप थेट ओढ्यात सोडला होता. ओढ्याकाठी, जरा खाली, मावशींची विहीर. मावशी म्हणजे माझ्या खोलीच्या घरमालकीण. मी इथं नवा असताना तापाने पडलो, तेव्हा ओळख ना पाळख, पण त्यांनी मला पेज पाजली होती. त्यांच्या विहिरीला वास यायला लागल्यावर मला गप्प बसवेना. पाईपाचा फोटो काढून मी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हा मालक ओढ्यात मैला सोडतो. मुद्दाम गावात रोगराई पसरवतो.'

अंगठ्यांची रांग लागली. "शाब्बास पाव्हणं!" "लय बेस केलंत!" काहींनी तर फोटो शेजारच्या वाड्यांच्या ग्रुपवरही ढकलला.

मग वकिलाची नोटीस आली. त्या मालकाची अब्रू गेली होती म्हणे. 'मी खोटं बोललो' असं ग्रुपवर लिहून माफी मागायची, नाहीतर कोर्ट. ओढ्यात मैला सोडताना जी जागची हलली नाही, ती अब्रू एका फोटोने गेली! वर माझ्या शेठचा, म्हणजे मी ज्यांचा बंगला सांभाळत होतो त्यांचा, मुंबईहून फोन. "तो माझा मित्र आहे. माफी मागून टाक, नाहीतर बॅग भर." गावी परतावं तर तिथं काम नाही.

मावशींनीच मला वडगावला कोर्टाजवळ एका वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी माझा मेसेज वाचला.

"हे एकट्या त्या मालकाला तोंडावर म्हणाला असतात, तर बदनामी झाली नसती," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याच्या कानावर गेलं की प्रश्न येतो. तुम्ही तर अख्ख्या गावाला सांगितलंत."

"पण खरं हाय न्हवं ते?" मावशी उसळल्या.

"दिवाणी दाव्यात खरं सिद्ध केलं की सुटका. फौजदारीत मात्र खरं हवंच, शिवाय लोकांच्या भल्यासाठी ते सांगणं गरजेचं होतं, हेही दाखवावं लागतं. विहिरीचं पाणी म्हणजे लोकांचं भलंच. पाईपाचा फोटोही आहे. पण 'मुद्दाम रोगराई'? त्याच्या मनातलं यांना कुठून दिसलं?"

मी मोबाईल काढून माझा मेसेज पुन्हा वाचला.

"तेवढं मागे घ्या. आणि तक्रार ग्रामपंचायतीत का नाही दिली? ज्याला कारवाईचा अधिकार आहे, त्याच्याकडे प्रामाणिकपणे तक्रार केली तर कायदा तुम्हाला सांभाळून घेतो. ग्रुपला कसला अधिकार?"

"आवं, ग्रुपवर सरपंच हाय की!"

"सरपंच लग्नाच्या पंगतीतही असतो, मावशी. तिथं अर्जाची पोच मिळते का?" वकीलबाई हसल्या. "आणि हो, ज्यांनी फोटो पुढे ढकलला, तेही यात अडकू शकतात."

हे शेवटचं वाक्य मावशींनी गावात पोचवायची खोटी, ग्रुपवर 'मेसेज डिलीट केला' याच ओळी दिसू लागल्या. शाब्बासकी देणाऱ्यांपैकी एक टपरीवर भेटला. म्हणाला, "म्या तर नुस्ता अंगठा दिलता. त्येला काय अर्थ असतोय व्हय?"

नसतो. हे मात्र तो अगदी खरं बोलला.

ग्रामपंचायतीच्या अर्जावर सह्या मागायला गेलो, तर एकाचा पोरगा त्याच बंगल्यात कामाला, एकाचा चष्मा घरी. या माणसाला मी जन्मात चष्मा लावलेला बघितला नव्हता! शेवटी अर्जावर माझी सही आणि मावशींची.

अर्ज दिला, पोच घेतली आणि ग्रुपवर लिहिलं, 'मुद्दाम रोगराई पसरवतो, हे मी मागे घेतो. ओढ्यात मैला सोडतो, हे मागे घेत नाही.' या वेळी एकही अंगठा आला नाही.

शेठने त्याच दिवशी कामावरून काढलं. मी बॅग भरायला घेतली, तर मावशी दारात उभ्या. "ती ठिव खाली. खोली माझी हाय, तुज्या शेटची न्हाई."

पुढे ग्रामपंचायतीची माणसं नाकाला रुमाल लावून आली आणि पाईपाच्या तोंडात सिमेंट भरून गेली. मी आता एका नर्सरीत रोपांना पाणी घालतो. कोर्टाचं समन्स आलेलं नाही, पण येणारच नाही असं वकीलबाई सांगत नाहीत. पोस्टमनची गाडी थांबली की अजून मी हातातलं काम टाकून दाराकडे जातो.

त्या मालकाच्या जाहिरातीत मात्र काही बदललेलं नाही. 'निर्मळ ओढ्याकाठी, निसर्गाच्या कुशीत.' शनिवारी गाड्यांची रांग असते. ओढा निर्मळ कुणामुळे झाला, हे तिथं लिहिलेलं नाही, आणि विहीर उपसून झाली तरी मावशी अजून पाणी उकळूनच पितात.