डेस्कटॉपवर होडी

माणसाचा डेस्कटॉप बघून मी माणूस ओळखते. ज्याच्या पडद्यावर ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘फायनल’, ‘फायनल खरंच’ असा फायलींचा उकिरडा असतो, त्याच्या हातचा चहासुद्धा मी घेत नाही. ऑफिसात मला यावरून चिडवतात. म्हणतात, लोक दिवाळीला घर सजवतात, ही बारा महिने कॉम्प्युटर सजवते.

सजवते तर सजवते. न्हावा शेव्याला कंटेनरचे कागद करणाऱ्या एका लहानशा ऑफिसात माझी नोकरी आहे. सकाळी रेवसहून तरीच्या बोटीने करंजाला उतरायचं, पुढे रिक्षा, आणि मग दिवसभर तेच पत्ते, त्याच मालाची तीच वर्णनं. सुरुवातीला संध्याकाळपर्यंत बोटं आखडायची. एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दाखवलं, की नुसती दोन अक्षरं टाइप केली की त्यांच्या जागी अख्खा पत्ता उभा राहील अशी सोय करता येते. मी दोन अक्षरं मारली. पत्ता उभा राहिला. पुसला, पुन्हा मारली, पुन्हा उभा राहिला. माझ्या तोंडून ‘आई गं!’ निघालं ते सगळ्या ऑफिसने ऐकलं. तेव्हापासून मी त्या पेटीच्या नादीच लागले. आपण मागे काय काय कॉपी केलं ते ती लक्षात ठेवते आणि मागितलं की पुढ्यात मांडते, हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एकाच पडद्यामागे आणखी डेस्कटॉप उघडता येतात, आयातीचा वेगळा, निर्यातीचा वेगळा, आणि साहेब आले की कामाचा दाखवायचा, हे कळल्यावर तर मी हात जोडले.

हे सगळं वेळ वाचवण्यासाठी. वाचलेल्या वेळाचं मी काय करायचे ते विचारू नका. आणखी आयकॉन रंगवायचे.

माझा बाबा तांडेल. सुकाणू धरणारा, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा. आमच्या कोळीवाड्यात बापाला अहो-जाहो करत नाहीत, म्हणून मीही इथे करणार नाही. थंडीतल्या एका सकाळी त्याचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोकं शाबूत आहे, समजतं सगळं, शब्द मात्र सापडत नाहीत. एकच शब्द उरला होता. ‘व्हय.’

चहा हवा का विचारलं की व्हय. कप पुढे केला की डाव्या हाताने लोटून द्यायचा, आणि तोंडाने पुन्हा व्हय. नको म्हणायचं असलं तरी व्हयच बाहेर पडायचं, आणि पडलं की स्वतःच दचकून आमच्याकडे बघायचा. मानेने सांग म्हटलं तर मानही त्या शब्दाच्याच मागे जायची. मुकी बिचारी कुणी हाका, असं म्हणतात. इथे तर मुका होकार देत होता. पाहुणे यायचे, उगाच मोठ्या आवाजात काहीबाही विचारायचे, तो व्हय म्हणायचा आणि ते खूश होऊन जायचे, तांडेलाला बरं वाटतंय म्हणून. माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

होडी बाबाची आणि काकाची मिळून. काका म्हणजे बाबाचा धाकटा भाऊ. जन्मभर बाबा मागे सुकाणूवर आणि काका पुढे नाळेवर, होडीच्या टोकाला, नांगर टाकायला. बाबा आजारी पडल्यावर उरलेला मोसम काकाने भाड्याचे खलाशी घेऊन एकट्याने ओढला. मग पावसाळ्यासाठी मासेमारी बंद झाली, होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली, आणि श्रीवर्धनकडचं एक गिऱ्हाईक आलं. नारळी पुनवेला होडी पाण्यात जाते, त्याआधी त्याला हो की नाही ते हवं होतं. काका घरी आला, बाबासमोर बसला.

“दादा, होडी देऊन टाकूया?”

“व्हय,” बाबा म्हणाला.

आई रडू लागली. मी काकावर उसळले. “त्याला विहिरीत ढकलू का विचार, तरी व्हयच बोलंल!” काका वाईट माणूस नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूचाही नव्हता आणि माझ्याही नव्हता. तो शांतपणे म्हणाला, “मंग तूच सांग गो पोरी, याचा न्हाय मी कुठून आणू?”

ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. होडी गेली तर बाबाचं काय उरणार होतं? आणि त्याचा नकार आतच कुठेतरी अडकलाय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. गिऱ्हाइकाला पुनवेपर्यंत थांबवायचं काकाने कबूल केलं, आणि मी ऑफिसातला एक जुना लॅपटॉप साहेबांना विचारून घरी आणला.

पहिला डेस्कटॉप मी असा केला, की ऑफिसात बक्षीस मिळालं असतं. डाव्या बाजूला सरळ रांगा, मोठे आयकॉन, प्रत्येकावर चित्र. चहा, पाणी, आंघोळ, औषध, झोप, दुखतंय, काकाच्या फोटोवर ‘भाऊ’, घराच्या चित्रावर ‘घरी’, आणि व्हय, न्हाय. आयकॉनवर टिचकी मारली की शब्द वाजणार. बाबाच्या डाव्या हातासाठी माउसची बटणं उलटी केली, बाण चांगला अंगठ्याएवढा केला, एकदाच दाबून उघडेल असं केलं, आणि वाजवणारी खिडकी खालच्या खाली मिटलेली राहील अशीही सोय केली, म्हणजे तिने पडदा झाकायला नको. आवाज कॉम्प्युटरचाच होता. ‘पाणी’ म्हणून एक शुद्ध बाई बोलली, तेव्हा घरात कोण आलं ते बघायला बाबाने मान वळवली.

मग आवाज काकाचा घेतला. दोघा भावांचा आवाज इतका सारखा, की फोनवर आईसुद्धा फसायची. काका ओट्यावर बसून माझ्या मोबाइलमध्ये एकेक शब्द बोलला. ‘न्हाय’ तीनदा बोलला, पहिले दोन त्याला पसंत पडले नाहीत. “दादा असा नरम न्हाय बोलत नाय,” म्हणाला. ज्या शब्दाने त्याचंच ठरवलेलं मोडायचं, तो त्याने घसा खाकरून ठणठणीत म्हटला. मला स्वतःची लाज वाटावी की त्याचं कौतुक, कळेना.

पण एवढं करून बाबाला काही जमेना. बाण चहाकडे निघायचा आणि वाजायची आंघोळ. रांगेतला तिसरा आणि चौथा त्याच्या लेखी एकच. एक गोष्ट मात्र झाली. औषधाचा आयकॉन नाहीसा झाला. मी शोधला, तो कचऱ्याच्या डब्यात मिळाला. परत काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डब्यात. आई म्हणाली, चुकून ओढला गेला असेल. मी बाबाकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता, फार निरागसपणे.

रोज संध्याकाळी आई त्याला धरून होडीपर्यंत फिरवून आणायची. एका रविवारी मी गेले. तो होडीला टेकून उभा राहिला, डावा हात आत घातला, आणि न बघता, बोलता बोलता आपण खिशातून रुमाल काढतो तसा, फळीखालून जाळी शिवायची सुई काढली. मला दिली. पुन्हा हात घातला आणि दोऱ्याचं रीळ काढलं. होडीत वस्तू ठरलेल्या जागी नसली तर अंधारात, लाटेवर, माणूस जायचा. म्हणून तिथे जागा कुणी कधी बदलत नाही, आणि हाताला ती पाठ असते. शब्द गेले होते, जागा नव्हत्या गेल्या. मी त्याला ऑफिसातल्या फायलींसारखं रांगेत उभं करत होते आणि त्याचा डेस्कटॉप हा इथे, माझ्यापुढे, आडवा पडला होता.

समोरच्या दुमजली घराच्या गच्चीवर चढून मी होडीचा वरून फोटो काढला आणि पडद्यावर लावला. पडदा आडवा, म्हणून होडीही आडवी, नाळ डावीकडे. आयकॉन त्यांच्या त्यांच्या जागी ठेवायला गेले तर एकेक करून सगळे उड्या मारत डावीकडच्या रांगेत परत. कॉम्प्युटरला शिस्तीची फार हौस. आपोआप रांगेत लावायची ती खूण काढून टाकली तेव्हा कुठे ते जागेवर थांबले. पाणी पिंपापाशी, चहा चुलीपाशी, झोप मागच्या फळीवर.

बाबाने खूप वेळ बघितलं. मग डाव्या हाताने लॅपटॉपचा कोपरा धरला आणि अख्खा लॅपटॉपच टेबलावर उभा फिरवला. “अरे, पाडशील!” आई ओरडली.

“व्हय,” बाबा म्हणाला, आणि आणखी फिरवला.

नाळ वर गेल्यावर थांबला. सुकाणूवर बसणाऱ्याने जन्मात कधी होडी आडवी बघितलेली नसते. नाळ कायम त्याच्या समोर, पुढे. हे तांडेलाच्या मुलीला सुचू नये! मी फोटो उभा केला. होडी लहान झाली, दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहिली, ती मी निळी रंगवली. मग माउस त्याच्या हातात दिला, आणि बाण सरळ पिंपावर गेला. “पाणी,” काकाच्या आवाजात लॅपटॉप म्हणाला. आईने तांब्या आणला. बाबा प्यायला. मग बाण चुलीवर. “चहा.”

आई देवाकडे बघून हात जोडत होती. मी पडद्याकडे बघून जोडले. ज्या पेटीत मी पत्ते चिकटवत आले, तिच्यातून माझा बाप चहा मागत होता, आणि मागितलेलाच चहा पीत होता.

व्हय आणि न्हाय यांना होडीत जागा नव्हती. मी ते नुसतेच कडेला ठेवले होते. बाबाने स्वतः ओढून व्हय सुकाणूपाशी आणला आणि न्हाय पार नाळेवर, नांगराशेजारी नेऊन ठेवला. काकाचा फोटोही नाळेवरच, त्याच्या उभं राहायच्या जागी. घराचं चित्र उरलं. घर होडीत कसं असेल? ते त्याने होडीबाहेर, निळ्यात सोडलं. त्यानंतरचे दिवस आमच्या घरात नुसता न्हाय वाजत होता. भात वाढू? न्हाय. पंखा लावू? न्हाय. शेजारच्या काकू बसायला आल्या तरी न्हाय. साठलेले सगळे तो फेडून घेत होता आणि मी मनातल्या मनात नाचत होते, कारण मला हवा असलेला एकच प्रश्न अजून विचारायचा होता.

पुनवेच्या आधी काका आला. धुतलेला शर्ट घालून आला. आई दाराला टेकून उभी राहिली. मी लॅपटॉप बाबाच्या पुढ्यात नीट ठेवला, बाण मुद्दाम नांगराच्या जवळ ठेवला. खोटं कशाला सांगू, ठेवला.

“दादा,” काका म्हणाला, “होडी देऊन टाकूया?”

“व्हय,” बाबाचं तोंड म्हणालं. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सगळे बाणाकडे बघत होतो. बाण नांगरापासून हलला, होडीच्या मधोमध खाली उतरत आला आणि सुकाणूपाशी थांबला.

“व्हय,” लॅपटॉप म्हणाला.

मी टेबलाजवळ धावलेच. “बाबा, चुकून दाबलास ना? हात घसरला ना तुजा?”

त्याने माझ्याकडे बघितलं. जुन्या नजरेने, होडीत पोरं मध्ये मध्ये आली की बघायचा तशा. मग बाण सरळ वर गेला, नांगरावर.

“न्हाय.”

इतका ठणठणीत न्हाय मी त्याच्याकडून लहानपणी ऐकला होता, तेवढाच. मला रडू फुटलं, ते होडी चालली म्हणून की बापाने मला गप्प केलं म्हणून, मला आजही सांगता येणार नाही. पण त्याचं झालं नव्हतं. बाण नांगरावरून शेजारच्या फोटोवर सरकला. “भाऊ,” लॅपटॉप म्हणाला. तिथून तो होडीच्या काठाबाहेर निघाला, निळ्यातून हळूहळू गेला आणि घरावर टेकला.

“घरी.”

दोन शब्द त्याने एकापुढे एक ठेवले होते. कुणी शिकवलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. उन्हाळाभर काकाची होडी लागेपर्यंत बाबा बंदरावरून हलत नसे. आम्ही म्हणायचो, त्याचा जीव दर्यात अडकलाय. खरं तर बाबा परत आलेला भाऊ मोजून घेत होता. आपण मागे बसलेलो नसताना धाकटा एकटा नाळेवर उभा आहे, हे त्याला सोसत नव्हतं, आणि सांगायला एकच शब्द होता, तोही आम्ही खरा मानत नव्हतो.

काकाला आमच्या आधी कळलं. तो खुर्चीवरून उठला, खाली बसला आणि बाबाच्या पडलेल्या उजव्या हातावर त्याने डोकं टेकवलं. “येतो दादा,” तो म्हणत होता, “येतो घरी.” बाबा थांबला नाही. भाऊ, घरी. भाऊ, घरी. खाली बसलेला काका रडत होता, आणि वरून त्याचाच आवाज त्याला घरी बोलवत होता.