सोटोचा उतार टाळून

माझ्या वडिलांना लॉस एंजेलिस पाठ होतं, तेही पानांच्या आकड्यांनिशी. त्या काळी इथल्या प्रत्येक गाडीत सीटखाली नकाशांचं एक जाडजूड, स्पायरल बांधणीचं पुस्तक असायचं. शहर एका पानात मावत नाही, त्यामुळे एखादा रस्ता एका पानावर तुटायचा आणि वीस-तीस पानांनंतर पुन्हा सापडायचा. कोणी पत्ता विचारला की पापा पुस्तक न उघडताच सांगायचे, "सहाशे चौतीस. उजवा कोपरा."

एकोणीस वर्षं त्यांनी ठोक बाजारातून हॉटेलांना भाजी-फळं पोचवणारा ट्रक चालवला. मग पाठीचा मणका सरकला. मालकाने दोन महिने वाट पाहिली आणि दुसरा ड्रायव्हर ठेवला. तेव्हापासून पापा संत्री विकायला लागले. फ्रीवेवरून सोटो रस्त्याला उतरणाऱ्या गाड्या जिथे सिग्नलला थांबतात, तिथे ते उभे असायचे. दोन्ही हातांत तीन-तीन जाळीच्या पिशव्या, डोक्यावर गवती हॅट, मानेवर ओला रुमाल. कठड्याला लागून एक प्लॅस्टिकचा क्रेट उपडा ठेवलेला, पाठ भरून आली की टेकायला. नाव एलिओदोरो, पण वस्तीत आणि उतारावर सगळे त्यांना लोलो म्हणत. आमचं घर उतारापासून चार मिनिटांवर होतं.

मी सत्तावीस वर्षांची, शहराच्या पश्चिमेकडच्या एका शाळेत शिकवत होते. कर्टिस तिथेच गणित शिकवायचा. जानेवारीत आमचं लग्न ठरलं आणि एप्रिलमध्ये त्याचे आईवडील नेब्रास्काहून चार दिवसांसाठी यायचे झाले, मला आणि लॉस एंजेलिसला पहिल्यांदाच बघायला. माझे वडील फळांच्या व्यवसायात आहेत, असं मी त्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं.

"संत्री विकतात, असं सरळ सांग ना," कर्टिस म्हणाला होता.

"मग? संत्री फळंच आहेत ना?"

पाहुण्यांना हॉटेलात ठेवावं असं मला वाटत होतं, पण आईने ते चालू दिलं नाही. "व्याही हॉटेलात? मग मी चर्चमध्ये तोंड दाखवायचं कसं?" तिने आपली खोली त्यांच्यासाठी रिकामी केली.

बुधवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी पापांना गाठलं. "चार दिवसांत काय काय दाखवता येईल?"

हे त्यांना कोणी विचारत नसे. त्यांनी हात धुतले, चष्मा पुसला, नकाशांचं पुस्तक आणलं, पिवळ्या कागदांची वही घेतली आणि वर चार वारांची नावं लिहिली. समुद्रावर सकाळी नऊच्या आत पोचायचं, नाहीतर गाडी लावायला जागा मिळत नाही. फुटपाथवरचे सिनेमावाल्यांचे तारे बघायला वीस मिनिटं पुरेत, उगाच तासभर घालवायचा नाही. डांबराच्या तळ्यातले मॅमथचे सांगाडे दाखवाच, नेब्रास्कात ते कुठून असणार. वेधशाळेला गाडी वरपर्यंत न्यायची नाही, खाली लावून चालत जायचं. त्याच्या आईला चालवत नसेल तर तिला आधी वर सोडायचं.

"तिचे गुडघे कसे आहेत?" त्यांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं.

प्रत्येक दिवसाखाली ते घरी परतायचा रस्ता लिहीत होते. शुक्रवार, समुद्रावरून. मी म्हटलं, "म्हणजे सरळ सोटोला उतरायचं."

"नाही. डाउनटाउनमध्येच उतरा आणि पहिल्या रस्त्याच्या पुलावरून या. पूल बघण्यासारखा आहे. कमानी आहेत."

शनिवारी, वेधशाळेहून येताना, मिशन रोडने. रविवारी कुठे जायचं नव्हतं, दुपारचं जेवण घरीच. सोमवारी विमानतळाला जाताना पुन्हा पूल.

आई भांडी विसळता विसळता कागदावर वाकली. "या घरात रस्ते कळणारा एकच माणूस, आणि तोच आज चुकतोय."

"तिथे गर्दी असते," पापा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

आई एकदा माझ्याकडे बघून पुन्हा नळाकडे वळली.

सोटोच्या उतारावर कधी किती गर्दी असते, हे पापांइतकं या शहरात कुणाला माहीत होतं? पाहुण्यांना मी काय सांगितलंय ते मी त्यांना बोलले नव्हते. फोनवर मी काय बोलते ते भिंतीपलीकडे ऐकू जात असेल, एवढंच. मी म्हणायला हवं होतं की पापा, सोटोनेच येऊ. मी म्हटलं, "बरं." चार मिनिटांचा रस्ता अठरा मिनिटांचा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर अंगणातले संत्र्यांचे सगळे क्रेट शेजारच्या गॅरेजमध्ये गेलेले होते.

गुरुवारी रात्री वेंडेल आणि मार्लिस आले. मार्लिस गप्पिष्ट, जिथे जाईल तिथे पिकाची चौकशी करणारी. वेंडेल निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं पायी टपाल वाटलेलं, पिशवीच्या वजनाने एक खांदा कायमचा उतरलेला. मानेमागे उन्हाने रापलेला, जाळीसारख्या सुरकुत्यांचा पट्टा. अगदी तसाच पट्टा पापांच्या मानेवर होता. पहाटे पाचला उठायची सवय दोघांनाही. मी उठायची तेव्हा स्वयंपाकघरात दोन रिकामे कप असायचे आणि पापा निघून गेलेले असायचे. पापांना इंग्रजी जेमतेम, वेंडेलना स्पॅनिश शून्य. पहाटे ते काय करत होते, देव जाणे.

फिरताना गाडी मी चालवायची आणि वेंडेल शेजारी मांडीवर पुस्तक उघडून बसायचे, पापांचा पिवळा कागद वर ठेवून. मॅमथ बघताना त्यांनी हॅट काढून हातात घेतली. संध्याकाळी पुलावर ऊन खरंच कमानींवर पडलं होतं, तेव्हा म्हणाले, "तुझ्या वडिलांनी वेळ अचूक साधली." नकाशावर त्यांचं बोट रस्त्यावरून हळूहळू सरकायचं आणि घराजवळ आलं की थांबायचं.

रविवारी आईने मोले केला होता, मिरच्या आणि कोकोचा दाट रस्सा. पापांनी सुट्टी घेतलेली, पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेला. नखांच्या कडा घासूनही पिवळट राहिल्या होत्या. दुभाषी मी. मार्लिसच्या मक्याच्या हकिकती मी स्पॅनिशमध्ये आणत होते, आईचे टोमणे गाळून इंग्रजीत नेत होते.

जेवणानंतर वेंडेलनी पुस्तक आणून टेबलावर उघडलं. "लोलोंना विचार," ते म्हणाले, "मी चौतीस वर्षं दारोदार फिरलोय. तीन दिवस बघतोय, आपण दर वेळी या एका कोपऱ्याला वळसा घालतो." त्यांचं बोट सोटोच्या उतारावर होतं. "आमच्या धंद्यात माणूस एखादी गल्ली टाळतो ती एकाच कारणाने. तिथे कुत्रा आहे का?"

मार्लिस हसली. "यांना प्रत्येक गावात कुत्राच दिसतो. पोटरी दाखवा त्यांना, दाखवा."

मी पापांना सगळं स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यांनी नॅपकिनची घडी घातली, उलगडली. मग शांतपणे म्हणाले, "तुला जे सांगायचं ते सांग, पोरी. मला काहीही चालेल."

कर्टिसने खाणं थांबवलं होतं. आई माझ्याकडे बघत होती. टेबलाशी सहा माणसं, त्यातल्या चौघांना खरं माहीत, आणि जीभ उचलायची ती मी.

"हो," मी इंग्रजीत म्हणाले. "तिथे एक कुत्रा आहे."

'डॉग' हा शब्द पापांना कळत होता. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग हसले, वेंडेलकडे वळले आणि हात कमरेपर्यंत उचलून कुत्रा केवढा आहे ते दाखवलं.

वेंडेलनी पँट गुडघ्यापर्यंत वर करून पोटरीवरचा जुना चावा दाखवला. पापांनी मान डोलावली. आई उठून ताटं उचलायला लागली. ताटांत मोले अर्धवट राहिला होता.

रात्री कर्टिसने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी आम्ही पुलावरून विमानतळाला गेलो. मे महिन्यात आमचं लग्न झालं, तेव्हाही चर्चला जाणाऱ्या गाड्या मी त्याच रस्त्याने नेल्या.

डिसेंबरात वेंडेलचं नाताळचं कार्ड आलं. बर्फ, मार्लिसची खुबा-शस्त्रक्रिया, आणि शेवटची ओळ: 'सोटोवरच्या कुत्र्याचं कसं काय चाललंय?' पापांना वाचून दाखवताना ती ओळ मी गाळणार होते, पण त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?" मला सांगावं लागलं.

त्यांनी कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाले, "लिही, बरा आहे. म्हातारा होतोय, पण रोज येतो."

मी लिहिलं. बापाला कुत्रा केलं होतं मी, आणि बाप मला त्या कुत्र्याची खुशाली लिहायला सांगत होता. पुढच्या वर्षी त्यांनी सांगितलं, "लिही, एक दात पडला." त्याच्या पुढच्या वर्षी, "उन्हाळा फार झाला यंदा. दुपारी सावलीला बसतो." मग, "मागचा एक पाय दुखतो, पण माणसं ओळखीची आहेत, हाका मारतात." दर वर्षी वेंडेल विचारायचे, दर वर्षी पापा एक वाक्य द्यायचे. शिक्का मारल्यासारखं मी ते इंग्रजीत उतरवायची. त्यांच्या पायाचं मला त्या वाक्यातूनच कळलं. एरवी मी विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, पोरी."

सातव्या वर्षी सप्टेंबरात पापा गेले. दफनाला सगळ्या उतारांवरचे संत्रीवाले आले होते, स्वच्छ शर्ट घालून. वेंडेलना प्रवास झेपणारा नव्हता. त्यांनी फुलं पाठवली, मार्लिसने फोन केला.

डिसेंबरात कार्ड आलं. बर्फ होता, मार्लिसचा खुबा होता, लोलोंबद्दल दोन चांगल्या ओळी होत्या, आणि खाली सही. मी कार्ड उलटं करून पाहिलं. पाकिटात बोट घालून पाहिलं.

कुत्र्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

पहाटे पाचचे ते दोन कप मला आठवले. तो कुत्रा म्हणजे पापाच, हे वेंडेलना कधी कळलं होतं? पहिल्याच दिवशी? मी सात वर्षं ज्यांच्यापासून लपवत होते ते, आणि मला ज्यांना झाकायचं होतं ते, दोघं माझ्याच हाताने एकमेकांची विचारपूस करत होते. कळू दिलं नव्हतं ते फक्त मला.

उत्तर लिहायला बसले. काय लिहायचं ते सांगणारं कोणी नव्हतं. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: 'सोटोच्या उतारावर माझे वडील संत्री विकायचे. अकरा वर्षं.' त्याखाली लिहायला मला काही सुचेना, म्हणून तेवढंच पाकिटात घातलं. टपाल कचेरीत जाताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा सोटोच्या उतारावरून गेले. सिग्नल लाल होता. कठड्याशी क्रेट तसाच उपडा होता, त्यावर दुसराच कोणी बसला होता. त्याने पिशवी वर केली. मी काच खाली केली.