मंजुळाबाईचं नाक

करमाडच्या मंजुळाबाईचं घर मेंढरांवर चालायचं. उन्हाळ्यात ती ओढ्याकाठचा वाळा खणायची, मुळ्या धुऊन शहराकडच्या छावणीच्या बाजारात आणायची. तिचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे मदारसाहेब अत्तरवाले. पोलीस ॲक्शननंतर त्यांची जहागीरदार गिऱ्हाइकं पांगली होती. तरी म्हातारा एकटाच अत्तर उतरवायची तांब्याची डेग चुलीवर चढवायचा.

त्रेपन्न सालच्या वैशाखात ती भारा घेऊन आली, तर वाळ्याचा घमघमाट गल्लीच्या तोंडाशीच. डेगीचं तोंड मातीनं लिंपतात अन् वाफ नळीतून चंदनाच्या तेलात उतरवतात, हे तिनं कैकदा पाहिलं होतं. मदारसाहेब मात्र डेगीशेजारी निवांत बसलेले.

"चाचा, समदा वास बाहेर चाललाय! लिंपण फुटलं का काय?"

म्हातारा धडपडत उठला. लिंपणाला बोटभर चीर गेली होती. मंजुळाबाईनंच ओली माती थापून ती बुजवली.

"कुणाला सांगू नको, बाई," मदारसाहेब हळूच म्हणाले. "हिवाळ्यात ताप आला, तवापासून मला वासच येत नाय. निस्त्या अंदाजानं चाललंय."

त्यांनी तीन कुप्या तिच्यापुढं ठेवल्या. "यातली बिघडलेली कोणती?"

"ही. करपल्यागत येतंय." ती हसली. "कोकरू कुठल्या मेंढीचं ते मी वासावरनं सांगते, चाचा."

"मग हे काम शिकशील?"

घरी सासू दगडाबाई बिथरली. "मेंढरामागची बाई अत्तराच्या दुकानात? लोक हसतील."

"हसू द्या," नवरा केरबा म्हणाला. "तिला येतंय, तर जाऊ द्या."

मंजुळाबाई आठवड्यातून दोनदा सर्व्हिस मोटारीनं छावणीला जाऊ लागली. तिची पहिली डेग जाळ जास्त झाल्यानं वाया गेली. ती रडली. "माझीबी पहिली अशीच गेली होती," मदारसाहेब म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या डेगीसाठी मुळ्या भिजत घातल्या.

तिसऱ्या वर्षी तिनं पूर्ण अत्तर एकटीनं उतरवलं. म्हाताऱ्यानं ते मनगटाला लावलं, नाकाशी नेलं. मग तिच्याकडं पाहिलं.

"कसं झालंय?"

तिनं कुपी नाकाशी धरली. "भर उन्हात पाण्यात पाय सोडून बसल्यागत वाटतंय."

मदारसाहेबांनी डोळे मिटले. "मग बरोबर झालंय."

त्या साली तिनं ओढ्याकाठी वाळ्याचे नवे ठोंब लावले आणि दोन शेजारणींना सोबत घेऊन करमाडला स्वतःची डेग मांडली.