आबांचा उजवा कान

माझ्या वडिलांचा, आबांचा, डावा कान लहानपणीच गेला. उजवा वर्षानुवर्षं वाहत राहिला आणि आतली हाडं किडली. ती तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसतात, हे मला सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांच्या जागी टायटॅनियमचा इवलासा तुकडा बसवायचं ठरलं. ऐकू येईल, पण हमी देता येत नाही, असं ते म्हणाले. मी फक्त पहिला अर्धा भाग लक्षात ठेवला.

ऑपरेशननंतर आई-आबा सांगलीतच, विश्रामबागेत माझ्याकडं राहिले. कानातली पट्टी निघाली त्या दिवशी आई काहीतरी बोलली, तर आबा म्हणाले, "आगं, वरडू नगंस. ऐकू येतंय मला." मग दोघं कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत बसले. आई-वडिलांना कुजबुजताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी उगाच आत जाऊन भांडी घासली आणि रडले.

कवठे महांकाळकडं आमच्या गावी निघताना मी पथ्यांचा कागद लिहून दिला. नाक शिंकरायचं नाही, त्याचा दाब आतून कानावर येतो; ओझं उचलायचं नाही, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. आबांनी सगळं पाळलं. मेंढरंसुद्धा चुलत्यांकडं चरायला दिली, गाभण मेंढी तेवढी दारात ठेवली.

आठवड्याभरात ती व्यायली आणि कोकरू श्वास घेईना. आमच्यात अशा वेळी कोकराच्या नाकात जोरानं फुंकतात. आबांनी फुंकलं. तिसऱ्यांदा कानात कट्कन झालं. कोकरू ओरडलं, आणि ते ओरडत असतानाच आबांना ऐकू येईनासं झालं.

आईचा फोन येताच मी गावी धावत गेले आणि चिडून पूर्वीसारखी त्यांच्या कानाशी ओरडले. "आबा, नाक शिंकरू नका म्हटलं होतं ना?"

"म्या कुटं शिकरलं?" ते म्हणाले. त्यांचं खरंच होतं.

तुकडा सरकला, असं डॉक्टर म्हणाले. फुंकण्यानं असेल, एरवीही काहींचा सरकतो. पुन्हा ऑपरेशन करता येईल, पण आशा कमी. आबा म्हणाले, "आता नगं." पुढं कान पुन्हा वाहिला आणि उरलंसुरलंही गेलं.

मी मेंढपाळाची लेक. आबांना कोकरांच्या नाकात फुंकताना लहानपणी कितीदा पाहिलं. कागद लिहिताना तेवढंच आठवलं नाही. डॉक्टरांना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, मला होतं. याची मला अजून लाज वाटते.

ते कोकरू आता चांगलं थोराड झालंय. परवा ते दारात ओरडत होतं आणि आबा त्याच्या तोंडाकडं बघत बसले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "आवाज जाड झाला का गं त्येचा? त्या दिशी लय बारीक हुता."

"व्हय आबा, जाड झालाय," मी त्यांच्या कानाशी ओरडले. शेजारच्या काकू दारात येऊन बघू लागल्या.

आबा अजून माझ्या तोंडाकडं बघत होते. "काय म्हन्लीस?"