कालचा आकडा

माझ्या थोरल्या साडूंइतका आकड्याला जपणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडणार नाही. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर लोकांनी त्यांना शाल दिली आणि त्यांनी स्वतःला किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र दिलं. तेव्हापासून रोज सकाळी कळंब्यातल्या दूध डेअरीसमोर ते यंत्र धरून असे उभे राहतात, की नवखा माणूस चपला काढतो. मग फॅटचे दर लिहायच्या फळ्यावर, तळाशी, त्या दिवसाचा आकडा. "ही किरणं येत्यात कुठनं, अण्णा?" कुणी विचारलं की म्हणतात, "मातीतनं, दगडातनं, आभाळातनं. तुझ्यातनं बी, थोडी." घरी ते जेवणाच्या ताटावरही यंत्र फिरवतात, मेहुणी म्हणते, "मीठ किती हाय, ते बी सांगतंय का बघा."

गेल्या वर्षी एका पुढाऱ्यानं डेअरीसमोर ग्रॅनाइटचा कट्टा बांधून दिला. कट्ट्यापेक्षा नावाची पाटी मोठी. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी साडूंनी यंत्र त्या कट्ट्यावर टेकवलं आणि आकडा चढला. त्यांनी तो तसाच लिहिला. दुपारपर्यंत 'दुधात किरणं' अशी बातमी झाली आणि संध्याकाळी निम्म्या किटल्या आल्याच नाहीत. डेअरीचे सेक्रेटरी हात जोडून आले.

"अण्णा, कालचाच आकडा लिवा की! कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

मग ते यंत्र घेऊन रस्त्यावर, गोठ्यात, दुधाच्या कॅनपाशी फिरले. सगळीकडे नेहमीचाच आकडा. जास्त फक्त कट्ट्यावर. सकाळी फळ्यावर लिहिलं होतं : 'काल मोजायची जागा बदलली, ते लिहायचं राहिलं. चूक माझी. वाढलेला आकडा कट्ट्याच्या दगडाचा. दूध नेहमीसारखं. धोका नाही, खुशाल बसा.' पुढाऱ्याचे कार्यकर्ते तणतणत आले, तर म्हणाले, "सायबांच्या दगडात दम हाय म्हणून सांगा!" आणि स्वतः कट्ट्यावर मांडी घालून बसले. ते बसलेले बघून एकेक किटली परत आली. हे माझे साडू, या तोऱ्यात मी त्या दिवशी उगाचच दोनदा तिथून चक्कर मारली.

परवा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी; मला बघताच पहिला प्रश्न, "पावणं, फळ्यावर आज काय हाय?"

मी येताना बघूनच आलो होतो. दर लिहून झाल्यावर तळाच्या जागेत सेक्रेटरींनी स्वतः खडूनं लिहिलं होतं : 'आज मोजलं न्हाय.'

मी ते तसंच सांगितलं. तर त्यांनी विचारलं, "कालचा आकडा न्हाय लिवला?"

"नाही."

उघडा डोळा त्यांनी हळूच मिटला. इतक्या वर्षांत आकड्यावाचून समाधानी असे ते मला पहिल्यांदाच दिसले.