अँप्लिफायर निवडून देणारे मिस्त्री

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वीज कार्यालयाकडे माझा पहिला अर्ज. सर्वपित्री अमावास्येला दुसरा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिसरा, पोचपावतीसह. कोजागिरीनंतरच्या मंगळवारी मिस्त्रींचा मृत्यू. जबाबदार व्यक्ती: वीज कार्यालयाचे कनिष्ठ अभियंता; खालूनच खांब पाहून परत गेलेला त्यांचा लाइनमन; आणि मी. माझे नाव पंचनाम्यात नाही, म्हणून येथे घालतो.

राजुऱ्याकडे जाताना, कोळशाच्या ट्रकांच्या धुळीत रेडिओ दुरुस्त करणारे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. न्यायालयातील लिपिकपदावरून निवृत्त झाल्यावर मी घरी गाणी ऐकण्यासाठी अँप्लिफायर घ्यायचे ठरवले आणि सात कलमी मसुदा घेऊन त्यांच्याकडे गेलो. दोनशे वॅट हे पहिले कलम. त्यांनी मसुदा आदराने वाचला, घडी केली आणि डळमळत्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

"भाऊ, घरी लग्नाचा मांडव हाय का?"

मी व्हॉल्व्हच्या जुन्या यंत्राचे नाव काढले, तर आपल्या गावच्या विजेत त्याला बाळंतिणीसारखे जपावे लागेल म्हणाले. मग ट्रान्झिस्टरचे तीन अँप्लिफायर मांडले. गाणे न लावताच आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले आणि मला स्पीकरला कान लावायला सांगितले. पहिला घोंघावला, दुसरा फुसफुसला.

"गाणं त सगळेच वाजवते. गप्प कोणता राह्यते, तो घ्या."

तिसरा गप्प होता. पण तो मिस्त्री मला देईनात. आमच्या गल्लीच्या खांबावर न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार सैल होती. दिवे कधी मिणमिणत, कधी फुटत. अशा घरी चांगले यंत्र जाळायला देणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

"दोन मिनिटाचं काम हाय. मी चढून बांधून देतो. सारा मोहल्ला असाच करते."

मी त्यांना थांबवले. खांब कार्यालयाचा, त्याला हात लावणे गुन्हा, रीतसर अर्ज मी करतो, असे बजावले. ते हसले आणि बसले. पुढे प्रत्येक अर्जानंतर विचारत, "आली का भाऊ, सायबाची चिठ्ठी?" थट्टा करत, पण माझ्या शब्दाखातर खांबावर चढले नाहीत.

त्या मंगळवारी तार तुटली. त्यांच्या दुकानाची वीजही त्याच खांबावरून. माझ्यासाठी ठेवलेल्या त्या तिसऱ्या अँप्लिफायरची लोखंडी पेटी ते बंद करत होते. परतीची वाट तुटलेली वीज तिच्यात उतरली.

कार्यालयाचा अहवाल त्यांच्या पत्नीने माझ्याकडे वाचायला आणला. 'मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' मी ते वाक्य मोठ्याने वाचले.

"भाऊ, ते त चढले नाई ना खांबावर? मंग असं काऊन लिवलं?"

तो अहवाल बाजूला ठेवून मी हे लिहायला बसलो.

अभियंतासाहेब, माझी चूक मी वर लिहून दिली आहे. आता आपण येत्या ग्रामसभेत उभे राहावे. तिन्ही अर्जांचे काय केले आणि नियम पाळणाऱ्या माणसाला निष्काळजी ठरवणारे वाक्य कोणी लिहिले, ते त्या बाईंकडे पाहून सांगावे. उत्तर टपालाने पाठवू नये.