डाव्या हाताची जागा

नगरच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. आमचा म्हणजे मालकांचा. मी तिथं क्वालिटीत नोकरी करते. डिप्लोमा झाल्यापासून ट्रॅक्टरचे आणि टेम्पोचे सुटे भाग तपासत आले. पुढे मालकांनी खटपट करून शस्त्रांचे भाग बनवायचा परवाना मिळवला आणि एका लांब पल्ल्याच्या जड रायफलीचं काम आमच्याकडे आलं. रायफल दुसऱ्या कंपनीची. आम्ही करायचा होता तो फक्त नळीच्या तोंडावर बसणारा मझल ब्रेक. गोळीमागून येणारा वायू तो बाजूला वळवतो, त्यामुळे बंदूक मागं कमी लाथ मारते. आम्ही तीन नमुने बनवले होते. त्यातला एक निवडून रिपोर्ट द्यायचं काम माझ्याकडे आलं.

चाचणीसाठी फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार ठेवले होते. पाथर्डीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, उंच, कमी बोलणारे. कारखान्यात त्यांची ख्याती शिष्ट म्हणूनच. पाठीमागून हाक मारली तर ते वळायचेच नाहीत. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला ताई.

शहराबाहेर उघड्या माळावर परवानगीची फायरिंग रेंज होती. आठवडाभर आम्ही सकाळी जीपनं जायचो. आधी रायफल लोखंडी स्टँडवर बांधून ती किती मागं सरकते ते मी मोजायचे, मग काका पालथे झोपून खांद्यावरून फायर करायचे. पहिल्या नमुन्याला चहूबाजूंनी बारीक भोकं होती. तो जमिनीवरची सगळी धूळ उडवायचा, समोरचं काही दिसायचं नाही. तो बाद झाला. दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी माशाच्या कल्ल्यांसारख्या, मागं झुकलेल्या मोठ्या खाचा. तिसऱ्याच्या खाचा सरळ आणि लहान.

दुसऱ्यानं धक्का सगळ्यात कमी केला. तिसरा त्याच्या जवळपासही नव्हता. तिसऱ्यावर दहा फायर झाले की काका उठताना उजवा हात डाव्या हातानं धरून उठायचे. एकदा त्यांच्या शर्टाची गुंडी उघडी होती आणि खांद्यावरचा काळानिळा डाग मला दिसला. त्या दिवशी माझं ठरलं. आकडे दुसऱ्याच्या बाजूनं होते, आणि माणूसही.

शेवटच्या दिवशी मी खुशीत त्यांना म्हणाले, "काका, दोन नंबर लिहिते. तुमच्या खांद्याची काळजी मिटली."

ते पाण्याची बाटली तोंडाला लावत होते. ती खाली ठेवून म्हणाले, "कागद गेला का?"

"उद्या जाईल."

"मंग आज एक काम करा. माझ्या डाव्या हाताला येऊन पडा."

मला कळेना. ते म्हणाले, "ही रायफल घेऊन एकटा मानूस कधी जात न्हाई, ताई. शेजारी दुर्बीण घेऊन जोडीदार पडलेला असतो. गोळी कुटं लागली ते त्योच सांगतो. आपन आठ दिवस फायर करतोय, ती जागा मोकळीच हाय."

खरंच मोकळी होती. माझं आवाज मोजायचं यंत्र काकांच्या पाठीमागं, फॉर्ममध्ये लिहिलेल्या अंतरावर उभं असायचं. मी त्याच्याही मागं. शेजारच्या माणसाचा रकानाच फॉर्ममध्ये नव्हता.

त्यांनी मला कानात बोळे घालायला लावले, वरून आवाज अडवणारा कर्णपट्टा, डोळ्यांना चष्मा. मी सतरंजीवर पालथी पडले. आधी त्यांनी तिसरा लावून एक फायर केला. दणका बसला, पण सोसला. मग दुसरा लावला. त्याचा मला आवाज असा ऐकूच आला नाही. कुणी तरी उघड्या पंजानं गालफडात मारावी तसं झालं. खडे मानेवर आपटले, दात एकमेकांवर आदळले आणि छातीत काही तरी हललं. मी उठून बसले, तर काका माझ्याशी बोलत होते आणि मला त्यांचे नुसते ओठ दिसत होते. कर्णपट्टा काढल्यावर शब्द आले.

"मी नऊ वरीस जोडीदार हुतो," ते म्हणाले. "उजवा कान गेला. मागनं कोन बोलवतं ते मला कळत न्हाई."

आम्ही सगळ्यांनी त्यांना शिष्ट ठरवलं होतं. मीही हसले होते एकदा त्या बोलण्यावर.

"पण तिसऱ्यानं तुमचा खांदा जातो, काका."

"माझा खांदा माझा हाय. फायर करनारा मीच. त्येचा धक्का शेजारच्यानं का खायचा?"

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "गिऱ्हाइकानं काय मागितलंय? धक्का कमी. फॉर्ममध्ये शेजारच्याचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग आपण कशाला उकरायचं?"

मी एक वेगळं पान लिहून रिपोर्टला जोडलं. त्यांनी ते काढून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. पहिली पसंती दोन नंबर, खाली माझी सही. मी सही केली. कुणी हात धरला नव्हता. घराचा हप्ता, नोकरी बदलावी लागणं, केडगावच्या घरून रोज पुण्याला जाणं-येणं, असं काय काय डोक्यात आलं, पण खरं सांगायचं तर वाद घालायचा कंटाळा आणि भीती, एवढंच होतं.

महिन्यानं गिऱ्हाइकाकडचे दोन अधिकारी रेंजवर आले. मालकांनी दोन नंबर लावून ठेवायला सांगितला होता. काका रायफलीपाशी झोपले आणि तसेच पडल्या पडल्या मोठ्या अधिकाऱ्याला म्हणाले, "साहेब, डावीकडं जोडीदार लागतो. तुमी येता का?"

मालकांचा चेहरा उतरला. मी खाली बघत राहिले. अधिकाऱ्यानं मात्र टोपी काढली, कर्णपट्टा चढवला आणि तो मातीत झोपला. एकच फायर झाला. तो उठला, गुडघे झटकले आणि कानशील दाबत त्यानं विचारलं, "आणखी कुठला आहे?"

तिसरा मंजूर झाला. ऑर्डर आली म्हणून मालकही खूश झाले, काकांना कुणी काही बोललं नाही. माझ्या रिपोर्टबद्दलही कुणी विचारलं नाही. मला ते विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग टिकाऊपणाच्या चाचण्या सुरू झाल्या. तिसऱ्या नंबरवर शेकडो फायर, सगळे काकांच्या खांद्यावरून. मी दोनदा म्हणाले, दुसरा माणूस बघू. ते नको म्हणाले. चाचण्या संपत आल्या तेव्हा एक दिवस ते आले नाहीत. खांद्यातला स्नायू फाटला होता.

मी त्यांच्या गावी भेटायला गेले. दुपारची वेळ होती. त्यांच्या बायकोनं चहा दिला आणि बाजरीच्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आता ह्ये बी त्येंच्यानं उचलत न्हाई. तुमच्या कंपनीत हलकं काम न्हाई का कायी?"

मी विचारते म्हणाले. ती आत गेल्यावर मी त्यांच्या डाव्या बाजूला सरकून बसले आणि म्हणाले, "काका, रिपोर्टवर मी दोन नंबरच लिहिला होता. सही माझी होती."

"ठाव हाय," ते म्हणाले. "मालकांनी दाखवला हुता."

"मग कधी बोलला नाहीत?"

त्यांनी कप डाव्या हातानं खाली ठेवला. "बोलून काय झालं असतं? तुमी पडून बगितलेलं हुतं. तरी सही केली. मला वाईट वाटलं. पन राग न्हाई."

राग असता तर मी काही तरी उत्तर दिलं असतं. हलक्या कामाचं मी मालकांना विचारलं. बघू म्हणाले. अजून बघतायत. फॉर्ममध्ये शेजारच्या माणसाचा रकाना मात्र मी घालून घेतला आहे. नव्या कामाच्या चाचणीत तो भरताना मी स्वतः फायर करणाऱ्याच्या डाव्या हाताला झोपते.